विश्लेषण : प्रो कबड्डीचे दार कशाने उघडते? वजनाने, उंचीने की विद्यापीठाच्या पदकाने?

हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमतमध्ये आणि आसपासच्या गावांत कबड्डी नवी नाही. जत्रा, गणेशोत्सव, कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेला चषक अशी निमित्ते निघतात आणि सामने होतात. बदलले आहे ते खेळाडूच्या डोक्यातले गणित. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार होता आणि त्याची किंमत १२ लाख ८० हजार रुपये होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. साहजिकच बारावीनंतर महाविद्यालयाच्या संघातून खेळणाऱ्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना प्रश्न पडतो, की आपल्याला हे दार उघडेल का? त्यावर मैदानावर दोन उत्तरे तयार असतात. 'आधी शरीर भर' हे एक आणि 'विद्यापीठाच्या संघात ये, मग बघू' हे दुसरे. दोन्ही उत्तरे अर्धवट खरी आहेत. उरलेला अर्धा भाग माहीत नसल्याने मुलांची दोन-तीन वर्षे चुकीच्या तयारीत जाऊ शकतात.

जागा किती आणि दावेदार किती?

लीगमध्ये १२ संघ आहेत. प्रत्येक संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे संपूर्ण लीगमध्ये २१६ ते ३०० जागा. बाराव्या हंगामाआधी (२०२५) संघांनी ८३ खेळाडू आपल्याकडे कायम ठेवले. उरल्या १३३ ते २१७ जागा. लिलावाच्या यादीत मात्र पाचशेहून अधिक नावे असतात.

पैशाचे गणित याहून बोलके आहे. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला लिलावासाठी ५ कोटींची मर्यादा आहे. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख रुपये. आता ढोबळ हिशेब करून पाहा. बंगाल वॉरियर्सने २०२५ मध्ये देवांक दलालसाठी २ कोटी २० लाख ५० हजार रुपये दिले. एखाद्या संघाने एवढी रक्कम एकाच खेळाडूवर लावली, तर किमान १७ जणांसाठी साधारण २ कोटी ८० लाख उरतात, म्हणजे सरासरी १६ लाख. त्यात आणखी एक कोटीचा खेळाडू घेतला, तर उरलेल्या १६ जणांची सरासरी ११ लाखांवर येते. ती क गटाच्या मूळ किमतीपेक्षाही कमी आहे.

ताऱ्यांवर एवढा पैसा ओतायचा असेल, तर बाकीचा संघ स्वस्तात उभा करावाच लागतो. नवख्याला संधी मिळते ती या गरजेतून. म्हणून लीगमध्ये 'नवा युवा खेळाडू' हा वेगळा प्रकार आहे. अशा मुलाला संघ तरुणपणीच करारबद्ध करतो, शिबिरात घडवतो आणि चमकला तर पुढच्या हंगामात कायम ठेवतो. बाराव्या हंगामाआधी कायम ठेवलेल्या ८३ जणांपैकी ३५ जण याच प्रकारातले होते. वसमतच्या मुलाने बघायचे दार हे आहे. कोटींच्या बोल्या दूरचित्रवाणीवर छान दिसतात, पण त्या रांगेशी त्याचा तूर्त संबंध नाही.

विद्यापीठाचा रस्ता नेमका कुठे पोहोचतो?

महाविद्यालयातील कामगिरीचा लिलावाशी थेट संबंध आहे का? आहे, पण फारच अरुंद. दहाव्या आणि अकराव्या हंगामाच्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील कबड्डीच्या अंतिम फेरीत खेळलेल्या दोन संघांच्या २४ खेळाडूंना यादीत स्थान देण्यात आले. अंतिम फेरीतील संघ दोन, प्रत्येकी १२ खेळाडू. उपांत्य फेरीत हरलेल्या संघातील सर्वोत्तम चढाईपटूलाही या वाटेने प्रवेश नाही.

आता वसमतपासून सुरुवात करू. येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठात येतात. मुलाने आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत छाप पाडायची, मग चार जिल्ह्यांतून निवडल्या जाणाऱ्या १२ जणांत बसायचे. पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे महाराष्ट्रातील इतर विद्यापीठांबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशचे संघ असतात. विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. देशभरातून असे १६ संघ जमतात आणि त्यांतील वरचे आठ खेलो इंडियाला. त्या आठांतून दोन अंतिम फेरीत.

यात एक गोष्ट खेळाडूच्या हातात अजिबात नाही, ती म्हणजे बाकीचा संघ. चढाईपटू एकटा कितीही गुण आणो, डावा कोपरा आणि उजवा कोपरा कच्चे असतील तर संघ विभागीय स्पर्धेतच घरी येतो. हरियाणा-पंजाबातील काही खासगी विद्यापीठे शिष्यवृत्ती देऊन देशभरातून खेळाडू गोळा करतात, वसतिगृहात ठेवतात, रोज दोन वेळ मॅटवर सराव घेतात. चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून स्पर्धेच्या तोंडावर एकत्र आणलेल्या संघाची त्यांच्याशी गाठ पडते. या लढतीत पदक हुकले म्हणून मुलगा कमी दर्जाचा ठरत नाही. पण यादीत नाव मात्र येत नाही.

महाविद्यालयातील गुणांना संघ किती मोल देतात?

समजा एका चढाईपटूने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सामन्यामागे १५ गुण मिळवले. गावात त्याचे फलक लागतील. प्रशिक्षक मात्र तीन प्रश्न विचारील.

पहिला प्रश्न, कुणाविरुद्ध? समोरच्या सात जणांत जिल्ह्याबाहेर खेळलेले किती होते, यावर त्या १५ गुणांचे वजन ठरते. दुसरा, कसे? बोनस गुण, तीन-चार बचावपटू उरलेले असताना काढलेले गुण आणि डू-ऑर-डाय चढाईत सहा-सात जणांतून काढलेला गुण, या तिन्हींची नोंद गुणफलकावर सारखीच एकने होते. संघांच्या विश्लेषकांना शेवटचा प्रकार हवा असतो. शिवाय किती चढायांत तो बाद झाला, हेही पाहिले जाते. दहा गुण आणून आठ वेळा पकडला जाणारा खेळाडू संघाला परवडत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत टोचणारा आहे. वय किती? आंतरविद्यापीठ स्पर्धेत २५ वर्षांपर्यंत खेळता येते. पदव्युत्तर शिक्षण घेणारा २४ वर्षांचा खेळाडू १८-१९ वर्षांच्या मुलांना सहज हरवतो, त्यात नवल नाही. लीगच्या संघांना मात्र घडवायला वेळ मिळेल असा मुलगा हवा असतो. त्यामुळे १९ व्या वर्षी सामन्यामागे आठ गुण मिळवणारा खेळाडू २४ व्या वर्षी पंधरा गुण मिळवणाऱ्याच्या पुढे जाऊ शकतो. महाविद्यालयात 'अजून एक वर्ष थांबू, विद्यापीठाचा रंग मिळवू' असा सल्ला सर्रास दिला जातो. गुणपत्रिका आणि नोकरीच्या दृष्टीने तो बरोबर असेल, लीगच्या दृष्टीने तो महाग पडतो.

वजनाला मर्यादा, मग ताकदीचे काय?

कबड्डीत वजन वाढवत नेता येत नाही. भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या नियमानुसार वरिष्ठ गटात पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही कमाल मर्यादा आहे. कुमार आणि किशोर गटांतही वयाबरोबर वजनाची अट असते. गावोगावी तर ६० किलो, ६५ किलो अशा वजनी गटांच्या स्पर्धाच भरतात. त्यामुळे खरा प्रश्न असतो तो ८५ किलोच्या आत शरीराची मांडणी कशी आहे याचा.

थोडे भौतिकशास्त्र पाहू. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ६८ किलोचा चढाईपटू सेकंदाला ५ मीटर वेगाने परतत असेल तर त्याचा संवेग ३४०. ८२ किलोच्या खेळाडूला तेवढ्यासाठी सेकंदाला सव्वाचार मीटरही पुरत नाहीत असे नाही, जवळपास तेवढेच लागतात. म्हणजे १४ किलोची तूट वेगाने भरून निघते. पण हे झाले धावतानाचे. कोपऱ्यातील बचावपटूने घोटा धरला की वेग शून्यावर येतो. तिथून मध्यरेषेपर्यंत स्वतःला ओढत न्यायला मांड्या, कंबर आणि पाठीची ताकद लागते. हलका खेळाडू या दुसऱ्या टप्प्यात अडकतो. मनिंदर सिंगसारखा चढाईपटू दोघांना अंगावर घेऊन रेषा गाठतो ते याच जोरावर.

उंचीचेही तसेच. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि ६.५ मीटरवर अंतिम रेषा. पकड झाल्यावर चढाईपटू आडवा पडून हात लांबवतो, तेव्हा पायाच्या टोकापासून बोटांपर्यंतचे अंतर साधारण उंचीच्या सव्वापट ते १.३ पट असते. १७० सेंटीमीटरचा खेळाडू सुमारे २.२ मीटर व्यापतो, १८५ सेंटीमीटरचा सुमारे २.४ मीटर. फरक २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. कबड्डीतले कितीतरी गुण या वीतभर अंतरावर ठरतात.

पण हाच उंच खेळाडू डाव्या कोपऱ्यात उभा केला, तर घोट्यापर्यंत वाकायला त्याला वेळ लागतो. कोपऱ्यात बुटका, रुंद खांद्यांचा, गुडघे वाकवून तग धरणारा मुलगा चालतो. मध्यरक्षकाला धडक द्यायची असते, तिथे किलो उपयोगी पडतात. बोनस आणि पायाच्या बोटाने गडी टिपणाऱ्या चढाईपटूला फार वजन उलट अडचणीचे. म्हणून संघ 'चांगला खेळाडू' शोधत नाहीत. डावा कोपरा, उजवा मध्यरक्षक, तिसरा चढाईपटू अशी नेमकी जागा भरतात. महाविद्यालयाच्या संघात जो मुलगा चढाई करतो, कोपराही सांभाळतो आणि गरज पडली तर मध्येही उभा राहतो, त्याचे गावात कौतुक होते. चाचणीत त्याला पहिला प्रश्न येतो, 'तुझी जागा कोणती?'

अमेरिकेत काय होते?

शरीरयष्टी आणि महाविद्यालयीन कामगिरी यांचा व्यावसायिक निवडीशी संबंध जगात सर्वाधिक तपासला जातो तो अमेरिकी फुटबॉलमध्ये. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, अंगावर धडकण्याचा खेळ. तेथील एनएफएल या लीगमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. ३२ संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात. त्याआधी इंडियानापोलिसमध्ये खेळाडूंची उंची, वजन, तळहाताची लांबीसुद्धा मोजली जाते. ४० यार्ड धावण्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतात.

एवढे मोजूनही अंदाज चुकतात. टॉम ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी अगदी शेवटचा, २६२ वा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आपल्या संघाला घेऊन सुपर बोलमध्ये उतरला. दुसऱ्या बाजूला ब्राइस यंग. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मान असलेली हाइजमन ट्रॉफी त्याने जिंकली होती. उंची मात्र जेमतेम पाच फूट दहा इंच, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मानाने कमी. तरी २०२३ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी हंगामाच्या सुरुवातीला दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवण्यात आले.

आपल्याकडे आणि तिकडे एक मोठा फरक आहे. तिथे महाविद्यालय हीच व्यावसायिक खेळाची मुख्य पायरी आहे, प्रत्येक सामना चित्रित होतो, प्रत्येक धावेची नोंद असते. मराठवाड्यातील आंतरमहाविद्यालयीन सामन्याची नोंद बहुतेक वेळा गुणलेखकाच्या कागदावर राहते आणि दुसऱ्या दिवशी तो कागदही सापडत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरणे काय सांगतात?

कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई उंचापुरा, लांब हातांचा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. 'शरीर हवेच' असे म्हणणाऱ्यांचे हे आवडते उदाहरण.

रिशांक देवाडिगाचे उदाहरण वेगळे. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादेत ११ वर्षांनी वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. काही महिन्यांत लिलाव झाला आणि यूपी योद्धाने त्याला १ कोटी ११ लाख दिले. लिलावाच्या तोंडावर राज्याच्या संघातून केलेली कामगिरी संघमालकांच्या डोळ्यांत भरते, ती अशी. विद्यापीठाच्या पदकाला हा भाव नाही.

आणि अस्लम इनामदार. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील गरीब घरातला हा मुलगा पुणेरी पलटणमध्ये युवा खेळाडू म्हणून आला, आठव्या हंगामात चमकला, दहाव्या हंगामात कर्णधार झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या संघाने विजेतेपद मिळवले. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो आणि त्याच पलटणमधील आकाश शिंदे दोघेही होते. पुणेरी पलटणने अकादमीतून मुले घडवण्यावर भर दिला. ग्रामीण महाराष्ट्रासाठी तिघांपैकी गिरवण्यासारखा कित्ता हाच आहे.

या बाजाराला माया नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे. 'डुबकी'साठी प्रसिद्ध प्रदीप नरवालने पाचव्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले होते, २०२१ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख मिळाले. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कुणी बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली.

वजनाच्या मागे लागण्यात धोका कोणता?

दोन्ही बाजूंनी आहे. वजनी गटाच्या स्पर्धेसाठी आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून, जाड कपड्यांत धावून तीन-चार किलो उतरवणारी मुले कमी नाहीत. शरीरातले पाणी गेले की पेटके येतात, निर्णय चुकतात, सांध्यांच्या दुखापती वाढतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीआधी विनेश फोगट ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर प्रशिक्षक, डॉक्टर, आहारतज्ज्ञ सोबत असताना ही वेळ आली. तालुक्याच्या ठिकाणी तर बऱ्याचदा काटाच बाजार समितीतला असतो.

वजन वाढवताना डबाबंद पावडरींचा मोह होतो. त्यांतील काहींत लेबलवर न लिहिलेले उत्तेजक घटक असू शकतात आणि राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. 'मला माहीत नव्हते' हे तिथे चालत नाही. अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे आणि पायांचा व्यायाम यांनी वर्षाला तीन-चार किलो स्नायू वाढवणे धीमे असते, पण ते मॅटवर टिकते.

मुलींचे काय?

त्यांच्यासाठी ही चर्चा सुरूच होत नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज ही छोटी स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली. पुरुषांच्या तोडीची, दरवर्षी होणारी लीग त्यातून उभी राहिली नाही. सोनाली शिंगटेसारखी आशियाई सुवर्ण जिंकणारी खेळाडू महाराष्ट्रात असतानाही. मुलींच्या बाबतीत विद्यापीठाचे पदक आजही प्रामुख्याने नोकरीकडेच नेते.

वसमतच्या खेळाडूपुढे प्रत्यक्ष पर्याय कोणते?

एक वाट संघटनेची. जिल्ह्याच्या निवड चाचणीतून हिंगोलीच्या संघात, तिथून राज्य अजिंक्यपद स्पर्धेत आणि तिथून महाराष्ट्राच्या कुमार गटाच्या संघात. ही वाट विद्यापीठाच्या वाटेपेक्षा छोटी आहे आणि वय तरुण असताना पूर्ण होते. राज्य स्पर्धेत लीगच्या संघांशी संबंधित प्रशिक्षक हजर असतात. दुसरी वाट लीगच्या संघांच्या निवड चाचण्यांची आणि अकादमींची. २०२२ मध्ये सुरू झालेल्या युवा कबड्डी सिरीजमुळे तरुण खेळाडूंना मॅटवर, चित्रित सामन्यांत खेळण्याची आणखी एक जागा मिळाली आहे.

मॅट हा शब्द इथे महत्त्वाचा. मातीवर वाढलेल्या खेळाडूचा पाय मॅटवर वेगळा पडतो. बूट, घसरण, वळण सगळे नव्याने शिकावे लागते. चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरणारा मुलगा आपल्या वेगाच्या निम्म्यानेही खेळत नाही. त्यामुळे महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने फलक आणि ट्रॅकसूटवर खर्च करण्यापेक्षा मॅट घ्यावी, किंवा निदान चाळीसेक किलोमीटरवरच्या नांदेडला आठवड्यातून दोनदा सरावाची सोय करावी, ही मागणी खेळाडूंनी धरली तर ती रास्तच आहे. सामन्यांचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवायला तर खर्चही नाही. उंच जागेवरून संपूर्ण मैदान दिसेल असे, न कापलेले चार सामने प्रशिक्षकाला दाखवता आले, तर ते प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त सांगतात.

विद्यापीठाचा संघ मग निरुपयोगी का? तसे नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सेनादल यांचे संघ आहेत आणि लीगमध्ये खेळणारे अनेक जण याच खात्यांत नोकरीला आहेत. मात्र कोणत्या पदासाठी कोणत्या स्पर्धेचे कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, याचे निकष ठरलेले आहेत. गावच्या चषकाची ढाल तिथे कामाची नाही, आणि अनेकदा सहभागाचे प्रमाणपत्रही पुरत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन हे निकष प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी विचारून घ्यावेत. पडताळणीच्या वेळी अर्ज अडकतात ते याच टप्प्यावर.